दळणावरून कळते भूक

पिठाच्या गिरणीवर काम करणाऱ्याच्या अंगावरचं पीठ पुरतं कधीच जात नाही. घसाघसा अंघोळ करा, धुतलेला सदरा घाला, तरी कान खाजवला की नखात पीठ! किश्शांचंही तसंच आहे. मी काही ते गोळा करायला गेलो नाही. उभ्या उभ्या अंगावर बसत गेले.

मी मुळात कमी बोलणारा. आठवीत शाळा सोडली आणि मानवतला मामाच्या गिरणीवर उभा राहिलो. त्याला आता दहा वर्षं झाली. बाहेरच्या ओट्यावर रोजची बैठक म्हाताऱ्यांची. दळण असो नसो, ते येऊन बसतात. त्यांच्याकडे बघून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. घरात सून आली की दळण वाढतं, बाळंतीण आली की वाढतं, आणि म्हातारं माणूस ताटावरून लवकर उठायला लागलं की कमी होतं. घरच्यांना कळायच्या आधी गिरणीला कळतं. पण गिरणी कुणाला सांगणार? तिला खडखडण्यातून सवड नाही. आणि मला तोंड नाही!

*

गिरणी चालू असली की शेजारच्याचं ऐकू येत नाही, म्हणून इथं गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागतं. आणि घात करते ती लाईट. मधेच जाते.

भागाबाई मावशी ओट्यावरच्या सगळ्यात जुन्या. तोंडात एक दात, पण जीभ शाबूत. एके दिवशी त्यांची सून दळण घेऊन आली आणि मैत्रिणीच्या कानाशी जाऊन ओरडू लागली. सासू बाहेर ओट्यावर बसलीय, हे तिच्या गावीही नव्हतं.

"लय नाटकी हाय गं म्हातारी! रोज—"

लाईट गेली. मोटार थांबली. सुनेचा आवाज मात्र त्याच वेगात पुढं गेला, "—दोन भाकरी खाती अन् वर म्हणती भूक न्हाई!"

सून खांबाआड. मला माहीत होतं की मावशी अर्ध्या भाकरीवर उठतात. दळणच सांगत होतं. आता भांडण पेटणार म्हणून मी उगीच पट्टा चाचपत बसलो.

मावशी ओट्यावरून म्हणाल्या, "दोन कशाला गं, तीन म्हन! गावाला कळू दे, सून सासूला पोटभर घालती!"

त्या दिवशी संध्याकाळी सुनेनं म्हणे भाकरी दुधात कुस्करून सासूच्या पुढ्यात ठेवली. मावशींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "अर्धीच खाल्ली. पण बसून खाल्ली."

*

गिरणीच्या दगडाची एक खोड आहे. आधीच्या दळणाचं थोडं पीठ तो धरून ठेवतो आणि पुढच्याच्या डब्यात सोडतो. म्हणून नंबरावरून भांडणं. गव्हामागून बाजरी चालते, बाजरीमागून गहू आणलेली बाई डोळे वटारते. हरभऱ्याच्या डाळीमागून तर कुणीच यायला तयार नसतं.

पूर्वी आणखी एक भांडण असायचं. बुद्धवाड्यातलं दळण झालं की दोन-चार बाया आपला डबा मागं ओढून घ्यायच्या. मामानं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, "नंबर म्हणजे नंबर. न्हाई पटत त्यानं घरी जातं फिरवावं!" घरी जातं फिरवायला कोण तयार होणार? डबे पुढं सरकले. त्यावर ओट्यावरचे गुरुजी हसून म्हणाले होते, "बघ रे, जात्यात काही जात टिकत नाही!"

गुरुजी स्वतः बुद्धवाड्यातले. त्यांच्याबद्दल पुढं सांगतो.

तर भागाबाई मावशी मात्र उलट्या. डाळ दळायला कुणी आलं की म्हणायच्या, "माझी ज्वारी डाळीच्या मागून घे रे."

मला वाटलं, भोळ्या आहेत, कळत नसेल. मी समजावलं, "मावशी, पिठात बेसन उतरतं."

"उतरू दे की!"

"अहो, भाकरीला वास येतो."

"त्याच्यासाठीच म्हणायले बाबा! डाक्टरनं पिठलं बंद केलं, त्याला आता सा महिने झाले. पोटात न्हाई तर न्हाई, नाकात तरी जाऊ दे!"

तेव्हापासून डाळ आली की मी मावशींचा नंबर राखून ठेवतो. कुणाची तक्रार नाही. तो नंबर कुणालाच नको असतो!

*

आबा मोठ्या घरचे. नदीकाठी जमीन, तीन मुलं, तीन सुना. रक्तदाब निघाला म्हणून डॉक्टरनं सांगितलं, मीठ कमी, तेल कमी, तिखट बंद. एक सून मीठ काढून घ्यायची, दुसरी तेल, तिसरी तिखट. तिघी कामाला पक्क्या. वर्षभरात आबांचा सदरा दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायला लागला.

आमच्या गिरणीला लागूनच मिरची कुटायचं यंत्र आहे. ते बुधवारी चालतं. त्या दिवशी ओटा रिकामा असतो, माणसं रस्ता बदलून जातात. आबा मात्र बुधवारी हटकून यायचे. यंत्राच्या अगदी तोंडाशी बसायचे. डोळ्यातून धारा, नाकातून धारा, शिंकांवर शिंका!

मी न राहवून म्हणालो, "आबा, बाहेर बसा की."

आबांनी उपरण्यानं नाक पुसलं. "खायाला बंदी हाय रे. शिंकायला न्हाई!"

मग बंडीच्या खिशातून कोरडी भाकरी काढली आणि त्या ठसक्यात बसून सगळी खाल्ली. घरी चतकोर न संपवणारा माणूस!

*

उस्मानचाचांचा टांगा होता. मानवत रोडच्या स्टेशनापासून गावापर्यंत चाळीस वर्षं त्यांनी माणसं आणली आणि नेली. पुढं एसटी वाढल्या, टांगा बसला, मुलानं घोडा विकला. त्या दिवसापासून चाचांचं जेवण तुटलं. मुलगा चांगला, सून चांगली, घरात कशाची वाण नाही. लाल औषधाच्या दोन बाटल्या झाल्या. फरक शून्य.

मावशींनी विचारलं, "चाचा, दुखतंय तरी काय तुमचं?"

"कुछ नहीं दुखता, भागाबाई. घोडा चंदी खायाला लागला की मी पण डबा सोडायचो. चाळीस साल. अब अकेला कैसा खाऊँ?"

मावशी लगेच म्हणाल्या, "शेजारच्या बकरीपाशी बसून खा."

आम्ही सगळे हसलो. चाचा हसले नाहीत. आठ दिवसांनी आले तेव्हा चेहरा जरा भरल्यासारखा वाटला.

"काय चाचा, बसता का बकरीपाशी?"

"बसता हूँ. दो रोटी जाती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मगर बकरी की नीयत अच्छी नहीं रे बाबा. मेरीच रोटी कू देखती. घोडा शरीफ था!"

*

दुष्काळाच्या साली रेशनवर लाल ज्वारी आली. परदेशची. लोक तिला मिलो म्हणायचे. दळताना धूर व्हायचा आणि पीठ थापलं की भाकरी तव्यावरच भेगाळायची. पोरांनी खाल्ली, खडी फोडायला जाणाऱ्यांनी खाल्ली, इलाजच नव्हता. म्हातारी माणसं अडून बसली.

गुरुजींनी मावशींना समजावलं, "धान्य धान्यच असतं हो. पोटाला काय कळतंय कुठल्या देशाचं ते?"

मावशींनी लाल दाणा तळहातावर घेतला, फिरवून बघितला. "गुरुजी, तुमाला चार भाषा येतात. ह्या दाण्याला मराठी येत न्हाई. माझ्या पोटाशी काय बोलंल ह्यो?"

त्यावर गुरुजींनीही एक दाणा उचलून बघितला. आणि हळूच म्हणाले, "खरं सांगू? आमच्या घरात मात्र बोलतो. हिनं काय जादू केली कोण जाणे."

ती जादू मला माहीत होती. मी मोटार सुरू केली.

*

आता गुरुजी.

मी शाळा सोडली तेव्हा हे माझ्या घरी तीनदा आले होते. तिसऱ्यांदा मी कडब्याच्या गंजीमागं लपलो. गंजीकडं तोंड करून ते मोठ्यानं म्हणाले, "ठीक आहे. पण जे करशील ते नीट कर!" आणि निघून गेले. पुढं ते रिटायर झाले. मुलगा नोकरीला लांब. घरात दोघंच, गुरुजी आणि काकू. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या.

काकू असताना आठवड्याला पत्र्याचा बिस्किटाचा डबा भरून ज्वारी यायची. काकू गेल्यावर तोच डबा गुरुजी स्वतः आणायला लागले. आधी आठ दिवसांनी, मग बारा, मग वीस. पुढं डबाही भरेना. ज्वारी नुसती तळाशी बसलेली.

भाकरी ते स्वतः थापायचे. ओट्यावर कुणी चौकशी केली की भूगोलाच्या मास्तरासारखंच सांगायचे, "आज परभणी जिल्हा झाला होता. खाली गंगाखेड करपलं, वर हिंगोली कच्ची राहिली!"

सगळे हसायचे. मावशींनी एकदा विचारलं, "अन् किती खाल्ली?"

"नुसतं मानवत," गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

*

मावशी मला रोज टोचायच्या, "इचार की त्याला! तुझा मास्तर हाय ना?" मी दोन दिवस वाक्याची तयारी केली. 'गुरुजी, दळण कमी झालंय, जेवण कमी झालंय का?' मोटारीच्या आवाजात मोठ्यानं म्हणूनही बघितलं. नीट जमलं.

गुरुजी आले. डबा वजनावर ठेवला. मी तोंड उघडलं आणि नेहमीचंच बाहेर पडलं, "गुरुजी, बारीक का जाड?"

गुरुजींनी डब्यात बघितलं. "जाड काय आणि बारीक काय. तोंडात आता सारखंच लागतं रे. जीभ मेली असावी."

मी मधलंच दळून दिलं.

*

मग ओट्यानं मनावर घेतलं. मावशींनी अंबाडीची भाजी पाठवली. आबांच्या घरून वाटीभर तूप गेलं. चाचांच्या सुनेनं शेवया पाठवल्या. महिनाभर रोज कुणाचं तरी भांडं गुरुजींच्या दारात. आम्हाला वाटलं, जमलं!

आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर का होईना, काहीतरी घालून देतात. गुरुजी पडले मास्तर. नियम म्हणजे नियम. त्यात भाजीच्या भांड्यात चिमूटभर साखर घालायला त्यांना लाज वाटायची. ते भरून द्यायचे. मावशींना साखर, आबांना तूरडाळ, चाचांना गूळ.

महिन्यानं मावशी डोक्याला हात लावून ओट्यावर बसल्या. "काल त्याच्या घरी गेले. डबे धुऊन पालथे घातलेले. आरं, जेवू घालता घालता आपण त्याचं घर खाल्लं की!"

चौकशी केली तर भाज्याही गुरुजी दोन घास घेऊन शेजारच्या पोरांना वाटत होते. म्हणाले, "चांगल्या असतात. पण आमच्या घरची चव नाही येत."

त्या वाक्यावर मी जागचा हललो.

*

आता काकूंची जादू सांगतो. ती त्या गेल्यावर जगात फक्त मला ठाऊक होती.

गुरुजींना उडीद चालत नाहीत. हे सगळ्या गावाला माहीत. लग्नाच्या पंगतीत उडदाचं वरण आलं की गुरुजी वाटीवर हात ठेवायचे. "उडीद आपल्याला सोसत नाही, पोट जड होतं."

आणि काकू? ज्वारी ओतायच्या आधी पदराची गाठ सोडायच्या आणि एक मूठ उडीद डब्यात सोडायच्या. पहिल्यांदा मी बघतच राहिलो. मी तेव्हा पोरगाच होतो. काकू हसल्या. "त्यांना सांगू नको हं. उडीद नको म्हणतात, अन् उडदाबिगर भाकरी जात न्हाई त्यांना! शप्पत घे."

मी घेतली. दर आठवड्याला ती मूठ पडत गेली. दुष्काळात त्या लाल ज्वारीतही पडली. आणि काकू गेल्यावर दोन वर्षं गुरुजी नुसत्या ज्वारीची भाकरी खात होते आणि जीभ मेली म्हणत होते!

आता मी काय करावं? सांगावं तर शपथ मोडते, तीही गेलेल्या माणसाची. आणि न सांगता दुसऱ्याच्या दळणात दाणा टाकावा, तर गिरणीवाल्याला त्याहून मोठं पाप नाही. मामानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लोक धान्य देतेत न्हाई आपल्याला, इमान देतेत. एक दाणा इकडचा तिकडं झाला तर गिरणीला कुलूप." मागं एका गड्यानं कुणाच्या गव्हात मका मिसळला, त्याला मामानं पायताण घालू दिलं नाही, अनवाणी हाकलला.

मावशींची युक्ती आठवली. कुणाच्या तरी उडदामागून गुरुजींचा डबा घ्यावा. पण उडीद दळतात पापडाच्या दिवसांत, आणि तेव्हा होता पौष. गुरुजी डबा ठेवून गेले होते, तो चार दिवस राखून बघितला. कुणी उडीद आणेना.

पाचव्या दिवशी मी घरून उडीद आणले. खिशात. मामा मागं जादाच्या दगडाला टाकी लावत होता. मी डब्यावर वाकलो, मूठ सोडली आणि मोटार सुरू केली. घाईत चार दाणे खाली पडले. ते वेचून खाल्ले. पुरावा नको म्हणून!

*

वीस दिवसांनी येणारे गुरुजी नवव्या दिवशी आले.

गिरणी भरलेली. ओट्यावर मावशी, आबा, चाचा. मामा वजनापाशी. गुरुजी सरळ माझ्याजवळ आले, काखेत डबा. कानाशी वाकून ओरडले, "माझ्या पिठात—"

आणि लाईट गेली.

"—काय टाकलंस तू?"

सगळ्या गिरणीनं ऐकलं. मामाच्या हातातलं वजन हातातच राहिलं. मावशी ओट्यावरून उठून दारात आल्या. मला वाटलं, कडब्याची गंजी कुठं दिसते का बघावं.

मामा म्हणाला, "गुरुजी, काय झालं? काय टाकलं ह्यानं?"

गुरुजींनी मामाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत होते. वर्गात बघायचे तसं. उत्तर येईपर्यंत पुढच्या पोराकडं जायचे नाहीत.

"उडीद," मी म्हणालो. "एक मूठ."

मामाच्या तोंडून काहीतरी निघणार होतं. गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"तुझ्या मनानं?"

"न्हाई गुरुजी. काकू टाकायच्या."

"कधीपासून?"

"मी गिरणीवर आलो तेव्हापासून तरी. आधीचं मला माहीत न्हाई."

गुरुजी डबा घेऊन पोत्यावर बसले. मग चाचा हळूच म्हणाले, "गुरुजी, खाना गया क्या?"

"दीड भाकरी," गुरुजी म्हणाले. "रोज. आणि मी आयुष्यभर वाटीवर हात ठेवत आलो!"

मावशींनी पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की काय, ते मला दिसलं नाही.

गुरुजींनी डबा माझ्यापुढं सरकवला. काठोकाठ ज्वारी. मग कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि उघडून माझ्यापुढं धरली. काळे उडीद. पीठ मळताना त्यांनी घरीच ओळखलं असावं.

"टाक. तिच्यासारखं."

मी मामाकडं बघितलं. मामानं वजन खाली ठेवलं आणि मान हलवली. मी पुडीतून मूठ भरली आणि डब्यावर नेली.

"थांब," गुरुजी म्हणाले. "ही मूठ तुझी झाली. तिची केवढी होती?"

मी आठवून बघितलं. मूठ पुन्हा पुडीवर आणली आणि बोटं जराशी सैल केली. आठ-दहा दाणे कागदावर पडले.

गुरुजी वाकून माझी मूठ बघत होते.

"आणखी थोडे," ते म्हणाले. "तिचा हात लहान होता."